चौदा नंबरचा साचा

नेल्ला लुनार्दीनं चाळीस वर्षं ग्लासगोतल्या लोकांचे दात केले. खरे दात देवानं दिलेले असतात, पण ग्लासगोत ते फार टिकत नाहीत, त्यामुळे तिला कामाची कधी वाण पडली नाही. दंतवैद्याकडून गुलाबी लगद्यात घेतलेलं माप यायचं. नेल्ला त्यात प्लास्टर ओतायची आणि थोड्या वेळानं कुणा मिसेस मॅकफेलचा जबडा टेबलावर उभा राहायचा. ही मिसेस मॅकफेल झोपेत दात खाते, उजव्याच बाजूनं चावते आणि एके काळी चोरून पाइप ओढत असावी, एवढं सगळं नेल्लाला त्या जबड्यावरून कळायचं. स्वतः मिसेस मॅकफेल रस्त्यात समोरून आली असती तरी मात्र ओळखू आली नसती. नेल्लाची अर्ध्या शहराशी तोंडओळख होती, पण आतल्या बाजूनं.

त्रेसष्टाव्या वर्षी दातांच्या प्रयोगशाळेनं तिला निरोप दिला. दात आता यंत्र करणार होतं. निरोप समारंभात तिला घड्याळ भेट देण्यात आलं, यापुढे वेळेची टंचाई भासेल असं कुणाला वाटलं असावं.

लग्न एकदा होता होता राहिलं होतं आणि ते राहिलं तेच बरं झालं असं नेल्लानं ठरवून टाकलं होतं. ठरवलं की असल्या गोष्टी तशाच होतात. आई गेली, मग बाप गेला. शनिवारी ती खाटकाकडे जाऊन कोकराची एक चाप घ्यायची.

"एकच?" खाटीक विचारायचा.

"एकच."

अकरा वर्षं तो हा प्रश्न विचारत होता. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, पण अकरा वर्षांत एखाद्या शनिवारी तरी त्यानं न विचारता बांधून द्यायला हरकत नव्हती.

घरी बसल्यावर नेल्लाला एक नवा उद्योग लागला, आरशात बघण्याचा. हौस म्हणून नव्हे, धंद्याची सवय म्हणून. आपला लांब वरचा ओठ, डावी थोडी खाली आलेली पापणी, आखूड हनुवटी हे सगळं ती परक्या जबड्यासारखं बघायची आणि तिला प्रश्न पडायचा, की हा चेहरा आला कुठून? आईकडचे सगळे लाल केसांचे, गोल तोंडाचे, ठिपक्याठिपक्यांचे. त्यांच्या फोटोत नेल्ला उभी राहिली की चुकून फोटोत शिरलेल्या शेजारणीसारखी दिसायची. बापाचा चेहरा चौकोनी होता आणि आजोबांचाही चौकोनीच होता म्हणे. उरली आजी, झेलिंदा. आणि झेलिंदाचा एकही फोटो नव्हता.

त्याचं असं झालं होतं. १९४०च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि त्या संध्याकाळी ग्लासगोतल्या लोकांनी इटालियनांच्या दुकानांच्या काचा फोडल्या. नेल्लाचा बाप ओत्तोरिनो तेव्हा चोविशीत होता. त्यानं घरातला इटालियन अक्षर असलेला प्रत्येक कपटा स्वयंपाकघरातल्या शेगडीत घातला. पत्रं गेली, दाखले गेले, पाठीमागे गावाचं नाव छापलेले फोटो गेले, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा गेलं. दोन दिवसांनी पोलिसांनी त्याला नेलं ते नेलंच आणि तीन वर्षं एका बेटावरच्या छावणीत ठेवलं. जाळपोळीचा उपयोग एवढाच झाला, की लुनार्दी घराण्याचा इतिहास १९४३ साली सुरू झाला.

त्याआधीचं नेल्लाला तुकड्यातुकड्यानं माहीत होतं. आजोबा एजिस्तो इटलीतल्या लुक्का शहराच्या वरच्या डोंगरातल्या कास्तेलनेरोचे. ते अख्खं गावच प्लास्टरच्या मूर्ती करणारं. माणसं डोक्यावर फळी, फळीवर मांजरं, संत आणि सेनापती घेऊन निघायची आणि विकत विकत जिथे पाय थकतील तिथे राहायची. एजिस्तोचे पाय ग्लासगोत थकले. तिथे त्यानं दोन खोल्यांत कारखाना काढला, पुढच्या खोलीत मूर्ती, मागच्या खोलीत संसार. त्याचा मुलगा ओत्तोरिनो सिनेमागृहांच्या छतांची प्लास्टरची नक्षी करायचा. नात दात करायची. प्लास्टर तेच राहिलं, फक्त दर पिढीला माल लहान होत गेला.

झेलिंदा १९१८च्या साथीत गेली तेव्हा ओत्तोरिनो दोन वर्षांचा होता. त्याला तिचा चेहरा आठवत नव्हता. पण दरवर्षी मे महिन्यात, मरियामातेच्या सणाला, तो एक वाक्य बोलायचा आणि ते नेहमी त्याच शब्दांत बोलायचा: "बाबा सांगायचे, आई बघायची असेल तर माझी मरिया बघ. मी तिचाच चेहरा घातलाय."

आता मरिया बघायची तर ती घरात नको का? मूर्तिकाराच्या घरात मूर्ती राहिली तर तो न खपलेला माल. एजिस्तोचा माल खपायचा.

नेल्ला आधी सरकारी दप्तरात गेली. तिथे बाईंनी तिला झेलिंदाच्या मृत्यूची नोंद काढून दिली. वय सव्वीस. पती एजिस्तो लुनार्दी, व्यवसाय मूर्तिकार. मृत स्त्रीचा व्यवसाय या रकान्यात एक आडवी रेघ होती. रेघ ठळक, न थरथरता मारलेली होती. लिहिणाऱ्याला काही शंका नसावी.

मग नेल्लानं चर्चच्या पत्रकात चार ओळी दिल्या. कुणाकडे एजिस्तो लुनार्दी यांनी केलेली मरियामाता आहे काय? अकरा उत्तरं आली. त्यांतल्या आठ मरिया कारखान्यातल्या निघाल्या. एक संत अंतोनी निघाला. एक बागेत शोभेला ठेवतात तो बुटका निघाला, पण बाईंचा आग्रह असा, की तुम्ही प्रत्यक्ष येऊन बघाच, तो रात्री जागा बदलतो. अकरावं पत्र बेटावरच्या रॉथसी गावातून आलं होतं. रेनाटो लुनार्दी, मासे आणि चिप्स.

रेनाटो म्हणजे एजिस्तोच्या भावाचा, प्रिमोचा नातू. प्रिमोसुद्धा मूर्तिकारच होता, पण त्याला लवकर शहाणपण सुचलं. मूर्ती घेतलेला माणूस पन्नास वर्षं परत येत नाही आणि मासा घेतलेला पुढच्या शुक्रवारी येतो, असा हिशेब करून त्यानं साचे फेकले आणि कढई घेतली. तेव्हापासून त्या शाखेचं बरं चाललं होतं.

नेल्ला फेरीबोटीनं रॉथसीला गेली. रेनाटो सत्तरीचा होता आणि त्याच्या अंगाला माशापेक्षा व्हिनेगरचा वास जास्त होता.

"काय गं, ओळखलंस?" तो काउंटरमागून ओरडला.

"कशी ओळखणार? तुला शेवटचं बघितलं ते प्रिमोआजोबांच्या मयतीत. तेव्हा डोक्यावर केस होते."

"तू मात्र तश्शीच आहेस. तेव्हाही असाच चेहरा करून बसली होतीस."

"मयतीत बसले होते, रेनाटो."

"ते खरं, पण आम्ही सगळे हसत होतो ना! बरं, वर बघ."

नेल्लानं वर बघितलं. तळणीच्या वर, व्हिनेगरच्या बाटल्यांच्या फळीवर, दीड हात उंचीची मरियामाता उभी होती. तिचा झगा एके काळी निळा असावा. शंभर वर्षांच्या तळणाच्या वाफेनं तिच्यावर असा काही रंग चढला होता, की वरून मीठ भुरभुरायचं तेवढं बाकी होतं. हात जोडलेले. वरचा ओठ लांब. हनुवटी आखूड. आणि डावी पापणी, थोडीशी खाली आलेली.

नेल्ला टाचा उंचावून जवळून बघू लागली.

"माझ्या आजीच्या लग्नात एजिस्तोआजोबांनी दिलेली," रेनाटो म्हणाला. "लेबल आहे खाली. आम्ही नेहमी म्हणतो, ही अगदी आपल्या नेल्लासारखी दिसते. म्हणजे, तुला पित्त झाल्यावर."

"मग मला कधी कुणी सांगितलं का नाही?"

"तू कधी आलीस?"

नेल्लानं चिप्स खाल्ले.

"ने घरी," रेनाटोनं स्टुलावर चढून मूर्ती खाली काढली. "पण उसनी हं! गिऱ्हाइकं विचारतात. मागे रंगकामाला म्हणून काढून ठेवली, तर मिसेस बॅक्स्टर दोन शुक्रवार आली नाही. प्रॉटेस्टंट आहे, पण सवय लागलीय तिला."

परतीच्या फेरीवर नेल्लानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूर्ती शेजारच्या खुर्चीवर ठेवली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर नाहीतरी कुणी बसत नसे. आज त्याला निदान कारण होतं.

पुढचे अकरा दिवस नेल्ला सुखात होती. सौम्य साबण, कोमट पाणी, कापूस. रोज पोस्टाच्या तिकिटाएवढा भाग. आधी एक गाल निघाला, मग कपाळ. काम करता करता ती बोलायची, आणि तेही इटालियन. ती भाषा तिला बापाकडून मिळाली होती, त्याला एजिस्तोकडून. स्वयंपाकघरापुरती, रागवण्यापुरती आणि जेवायला बोलावण्यापुरती ती पुरायची. बाप गेल्यापासून ती बोलायला कुणी नव्हतं.

शनिवारी ती खाटकाकडे गेली.

"एकच?"

"दोन."

खाटकाची सुरी हवेतच थांबली. "पाहुणे?"

"आजी आलीय," नेल्ला म्हणाली.

तिचं वय बघता खाटकानं मनातल्या मनात काही हिशेब केला असावा. दुसरी चाप तिनं रविवारी गार खाल्ली.

बाराव्या दिवशी पापणी स्वच्छ झाली. नेल्लानं भिंग डोळ्याला लावलं आणि मग तिच्यातली दातवाली जागी झाली.

ओतीव वस्तूवरून नवा साचा घेतला, त्यातून पुन्हा वस्तू ओतली, की कडा थोड्या बोथट होतात. पुन्हा तसंच केलं की आणखी. दाताच्या बाबतीत एवढा फरक पडला तरी माणूस जेवताना शिव्या देतो, म्हणून नेल्लाला तो ओळखता यायचा. या मरियेच्या ओठाला कडच नव्हती. नाकपुड्या बुजलेल्या होत्या. हा चेहरा कुणा बाईवरून घेतलेला नव्हता, मूर्तीवरून मूर्ती, तिच्यावरून मूर्ती असा चौथ्या-पाचव्या पिढीचा होता. वरचा ओठ लांब नव्हता, नाकाचा शेंडा झिजून आखूड झाला होता. आणि पापणी खाली आलेली नव्हती. साच्याचा कोपरा तिथे फुटला होता आणि त्या खाचेत प्लास्टर भरलं होतं.

कुणीही दुसऱ्यानं ही गोष्ट ओळखली नसती. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नेल्लाला आपल्या कसबाचा राग आला. तिनं भिंग पुसलं, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसलं. भिंगाचा दोष नव्हता.

तरीही, चूक आपलीही असू शकते. तिनं कास्तेलनेरोच्या ग्रामपंचायतीत फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "मूर्तींचं विचारत असाल तर क्विरिनो. बाकी सगळे मेले." नेल्लानं मूर्तीचे बारा बाजूंनी फोटो काढले आणि मार्चमध्ये विमान, आगगाडी आणि बस अशी ती डोंगरात पोचली.

क्विरिनो पंचाऐंशीचा होता. त्याच्या घराखालच्या गोठ्यात आता गाई नव्हत्या, साचे होते. दोरीनं बांधलेले, काळपट, भिंतभर, प्रत्येकावर नंबर. त्यानं नेल्लाला खुर्ची पुसून दिली.

"कुठली?"

"ग्लासगोची. लुनार्दी. एजिस्तोची नात."

"ते नाही विचारलं. मूर्ती कुठली?"

तिनं पहिला फोटो पुढे केला. उरलेले अकरा त्यानं मागितलेच नाहीत.

"चौदा," तो म्हणाला.

शिडीवर चढून त्यानं एक साचा खाली आणला आणि दोरी सोडली. साचा संत्र्यासारखा फोडीफोडींनी उघडला. चेहऱ्याची फोड त्यानं उजेडात धरली. डाव्या डोळ्यापाशी कोपरा उडालेला होता.

"माझ्या आजोबांनी पाडला," क्विरिनो अभिमानानं म्हणाला. "अठराशे अठ्ठ्याण्णव साली. तेव्हापासून जगभर हिचा डोळा मिटतोय. हाम्बुर्ग, स्टॉकहोम, तुमचं ग्लासगो. जो गाव सोडायचा तो चौदाचा एक साचा काढून न्यायचा."

"आणि मूळची बाई? ती कोण होती?"

"फ्रेंच. कुणीतरी पॅरिसहून मूर्ती आणली होती. ती मरियासुद्धा नव्हती. हातात द्राक्षांचा घड होता आणि अंगावर फारसं काही नव्हतं. आमच्या लोकांनी द्राक्षं काढून हात जोडले आणि झगा घातला."

नेल्लानं त्या उडालेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "सिन्योर क्विरिनो, माझे आजोबा सांगायचे, हा चेहरा माझ्या आजीचा आहे."

"सगळेच सांगायचे!" म्हाताऱ्यानं हात झटकला. "दारात माणूस उभा राहतो, म्हणतो, बाईसाहेब, ही माझी बायको, देवाघरी गेली, तिचाच चेहरा. कोण हाकलेल त्याला? जिवंत बायकांचे नवरेही सांगायचे. माझे आजोबा सांगायचे तेव्हा आजी शेजारी उभी असायची, दुसरी फळी घेऊन."

"पण ते गिऱ्हाइकाला. माझे आजोबा स्वतःच्या मुलाला सांगायचे. मुलाला काय विकायचं होतं?"

क्विरिनोनं साच्याच्या फोडी एकेक करून पुन्हा जुळवल्या. दोरी गुंडाळली. गाठ मारायला त्यानं गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

"पोर किती वर्षांचं होतं?"

"दोन."

"मग? दोन वर्षांचं पोर आई कुठंय म्हणून विचारतंय. घरात जे होतं ते दाखवलं असेल."

बाहेर कुणाचीतरी कोंबडी ओरडली. नेल्लानं फोटो पिशवीत भरले. बाराही भरले, एकही गहाळ होऊ नये याची तिनं काळजी घेतली, आता कशासाठी कोण जाणे.

"तू काय पहिली नाहीस," क्विरिनो समजूत घालायच्या सुरात म्हणाला. "सातवी आहेस. गेल्या वर्षी स्वीडनहून एक आली होती. सहा फूट, पांढरीफटक. तीही म्हणाली, अगदी माझ्यासारखी दिसते. तिच्या आधी हाम्बुर्गचा एक मिशीवाला. तोही तेच म्हणाला. इतक्या वेळा ओतल्यावर चेहऱ्यावर काही उरत नाही गं पोरी. ज्याला हवा त्याला बसतो."

त्रेसष्टाव्या वर्षी पोरी म्हणणारं कुणी भेटलं की एरवी तिला हसू आलं असतं.

"तू काय काम करतेस?" त्यानं विचारलं.

"दात करायचे. प्लास्टरचंच काम."

"प्लास्टरचं? मग आत बघितलंस की नाही?"

"कशाच्या आत?"

"बघा!" क्विरिनोनं भिंतीवरच्या साच्यांना साक्षीला घेतलं. "प्लास्टरची म्हणवते आणि चेहरा बघत बसलीय. अगं, मूर्ती पोकळ असते ना? पहिला हात पातळ ओतायचा, तो पुरुष ओततो. मग आतून तागाचा चोथा प्लास्टरमध्ये भिजवून लिंपायचा, नाहीतर ती उचलताच फुटेल. ते कोण लिंपणार? हे बघ." त्यानं साचा उलटा केला आणि बुडाच्या भोकाला आपली मूठ लावली. मूठ आत जाईना. "जात नाही. कुठल्याच पुरुषाची जात नाही. चेहरा पुरुषांचा, पोट बायकांचं, अशीच वाटणी होती घरोघर. आणि चौदा नंबरची मान कच्ची. मानेत चोथा दाबायचा आणि बोटं तिथेच धरून ठेवायची, प्लास्टर धरेपर्यंत. तापतं ते, तुला माहीतच आहे. माझी आई बोटांना तेल लावून तीनदा नमो मरियाची प्रार्थना म्हणायची. तेवढा वेळ. मग हात काढायचा. मनगटापासून खाली कातडी कधी धड नव्हती तिची."

नेल्लाला मृत्यूच्या नोंदीतली ती आडवी रेघ आठवली.

"खाली लेबल आहे," ती हळूच म्हणाली. "पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. भोकावरच."

"असणारच. काढावं लागेल."

बस चारला होती. नेल्ला उठली तशी म्हातारा म्हणाला, "बस की. अजून वीस मिनिटं आहेत. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. तू माझ्या आजीसारखी बोलतेस. इथं असं आता कुणी बोलत नाही, सगळे टीव्हीसारखे बोलतात. आणखी थोडं बोल."

तेव्हा नेल्लानं तिला येत होतं ते सगळं म्हणून दाखवलं. हात धुऊन ये. दार लाव, वारा येतोय. मीठ कुणी घातलं यात? खाऊन घे, मग रड. क्विरिनो डोळे मिटून ऐकत राहिला. बस आली तेव्हा तो उठला नाही.

घरी आल्यावर तिनं आधी रेनाटोला फोन केला. मागे कढई चरचरत होती.

"तुझ्या आजीचं लग्न कोणत्या साली झालं?"

"एकोणीसशे सतरा. फेब्रुवारी. आजी सांगायची, एवढी थंडी होती की केकला सुरी लागेना. का गं? मरिया कधी पाठवतेस?"

सतरा साली एजिस्तोच्या दोन खोल्यांत एकच बाई होती, झेलिंदा.

नेल्लानं मूर्ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी केली. बुडाला पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्यावर पिवळं पडलेलं लेबल: ई. लुनार्दी, मूर्तिकार, ग्लासगो. १९४०च्या आधीचा, शेगडीतून वाचलेला हा एकच कागद. तो वाचला याचं कारण तो त्या दिवशी रॉथसीत कढईच्या वर होता. नेल्लाकडे घराण्याचा पुरावा म्हणून जे काही होतं ते एवढंच, आणि हात आत घालायचा तर ते फाडायला हवं होतं. तिनं त्याचा फोटो काढला. फोटो बघून तिला कळलं, की याचा काही उपयोग नाही.

दोन दिवस तिनं काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी किटलीची वाफ आणि मेणकामाची पातळ सुरी घेऊन ती बसली. तिच्या हाताला चाळीस वर्षांचं वळण होतं, तेव्हा लेबल अख्खं निघेल अशी तिला आशा होती. ते कांद्याच्या वाळक्या सालीसारखं चुरून गेलं. तिनं चुरा बशीत गोळा केला, बशी फडताळात ठेवली आणि बाही कोपरापर्यंत वर सारली.

हात आत गेला. आधी तागाचे खरखरीत तंतू लागले, मग खडबडीत प्लास्टर, मग मान. मानेत, चेहऱ्याच्या नेमकं मागे, चार गुळगुळीत खळगे होते.

नेल्लानं बोटं त्यांत घालून बघितली. बसली नाहीत. तिची बोटं जाड होती. एवढा प्रवास, एवढी वाफ, आणि बोटं बसत नाहीत! तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. फ्रेंच बाईचा चेहरा बसत होता आणि स्वतःच्या आजीची बोटं बसत नव्हती.

मग ती उठली आणि फडताळातला डबा काढला. दातांचं माप घ्यायचा गुलाबी लगदा, मुदत उलटून दोन वर्षं झालेला. आत तिनं साबणाचं पाणी फिरवलं, लगदा मळला, मुठीत घेऊन आत नेला, मानेत दाबला आणि धरून ठेवला. डब्यावर चार मिनिटं लिहिलं होतं. तिनं तीनदा नमो मरिया म्हटलं. लगदा जुना होता म्हणून आणखी तीनदा म्हटलं.

बाहेर आली ती चार बोटं. नकली हिरड्यांच्या रंगाची, पहिल्या पेरापर्यंतची, एका बोळ्यातून उगवलेली. नेल्लानं ती खिडकीपाशी नेली आणि भिंग लावलं. मग मिसेस मॅकफेलचा जबडा वाचावा तशी ती वाचू लागली. कातडी भेगाळलेली, प्लास्टरनं खाल्लेली. मधल्या बोटावर भाजल्याची किंवा कापल्याची जुनी खूण. तीन बोटांना नखांची कड होती. पहिल्या बोटाला नव्हती, तिथे मांसच पुढे आलं होतं. नख मुळापर्यंत कुरतडलेलं.

नेल्लानं भिंग खाली ठेवलं आणि आपल्या उजव्या हाताचं पहिलं बोट बघितलं. प्रयोगशाळेत त्यावरून तिला सगळे चिडवायचे, लोकांचे दात करतेस आणि स्वतःचे नखांवर झिजवतेस. अर्धं ग्लासगो नखं खातं. यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. तरी ती सबंध सकाळभर खिडकीपाशी बसून राहिली आणि तेवढ्या वेळात तिनं तोंडाकडे बोट नेलं नाही. दुसऱ्या कुणाचं बोलणं चाललेलं असताना आपण मध्ये बोलू नये, तसं काहीतरी तिला वाटलं असावं.

एप्रिलमध्ये तिनं बुडाला नवा पुठ्ठा लावला आणि मरिया रॉथसीला परत नेली. रेनाटोनं स्टुलावर चढून ती फळीवर ठेवली आणि खाली उतरून मान तिरपी करून बघितली.

"चांगली उजळलीस. आता तर हुबेहूब तू. पित्त गेल्यावरची."

"हो. सगळे तेच म्हणतात," नेल्ला म्हणाली.

"राहा की दोन दिवस. चिप्स देतो."

"शनिवार आहे. बाजार करायचाय."

"कुणासाठी एवढा?" रेनाटो म्हणाला. त्याच्याही मनात काही नव्हतं.

फेरीवर वारा बोचरा होता आणि बसायला जागा भरपूर होती. नेल्ला खिडकीशी बसली. शेजारची खुर्ची आता पुन्हा रिकामी होती. कोटाच्या उजव्या खिशात, रुमालात, ती चार बोटं होती. तिनं रुमाल सोडला आणि आपली चार बोटं त्यांच्या टोकांना टोकं लावून ठेवली. गुलाबी लगदा तापत नाही, प्लास्टरसारखा नाही, पण खिशात धरून ठेवला की थोड्या वेळानं हाताएवढा गरम होतो. पलीकडचा धक्का येईपर्यंत तिनं हात बाहेर काढला नाही. कुणी विचारलं असतं तर थंडी आहे म्हणून, असं तिनं सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही.